यंत्र क्रमांक तीन, चौदा वेळा

नाही हो, हे कशाला आणलंत. कॉफी मी पीत नाही असं नाही, पण ड्यूटीवर असताना कुणाकडून काही घेतलं की त्याची वहीत नोंद करावी लागते, आणि ती वही कोण तपासतं म्हणाल तर मीच तपासतो — म्हणजे माझ्याच हातानं लिहायचं आणि माझ्याच शिक्क्यानं मंजूर करायचं. ठेवा तो कॅन तिकडे खिडकीच्या फळीवर. गरम आहे तोवर हात शेकायला बरा. तर तुम्ही म्हणता तसं होतं, हो. खोटं कशाला बोलू. फाटकावर कार्ड टेकवलं की कार्डाचा नंबर, तारीख, वेळ सगळं आत जातं, आणि ह्या खोक्यात बसून मला ते दिसतं. पिवळ्या टोपलीची सायकल, मागच्या मडगार्डावरचा नंबर तुम्ही लिहूनच आणलाय — अक्षर सुरेख आहे, बँकेत होतात का? वाटलंच — तेवढा नंबर टाकला की तुमची मुलगी गेल्या सहा महिन्यांत किती वाजता सायकल लावून गेली, किती वाजता घेऊन गेली, कुठल्या वारी आलीच नाही, सगळं बाहेर. दोन मिनिटांत. तीच तर अडचण आहे. दोन तास लागत असते तर माणसानं मधे थोडा विचार तरी केला असता.

काळजी वाटते म्हणता. हो, काळजीच. दुसरं काय असणार — वीस वर्षांची मुलगी, घरी यायला उशीर करते, विचारलं तर कॉलेजात होते म्हणते, आणि बाप स्टेशनाबाहेरच्या सायकलतळावर येऊन म्हाताऱ्या रखवालदाराला कॉफी देतो. मी हसत नाहीये, माझा चेहराच तसा आहे. छत्तीस वर्षं खिडकीत बसून लोकांशी नम्र बोललो, तो नम्रपणा चेहऱ्यावर राहून गेला. नगरपालिकेत होतो मी, रहिवासी नोंदणी विभागात. कोण कुठं राहतो, कोण कुठून आला, कोण मेला, कोण जन्मला. निवृत्तीनंतर म्हाताऱ्यांना कामं देणाऱ्या केंद्रानं ही नारिंगी बंडी दिली आणि इथं बसवलं. आधी माणसं कुठं राहतात ते लिहायचो, आता सायकली कुठं राहतात ते बघतो. बढतीच म्हणायची. सायकली तक्रार करत नाहीत.

कोण बघतंय, असं म्हणालात ना तुम्ही मघाशी? बरोबर आहे, कुणी बघत नाही. बसा जरा, तो स्टूल ओढून घ्या. आत्ता साडेतीन होतायत, चार दहापर्यंत मला वेळ आहे. चार दहाला मात्र तुम्हाला उठावं लागेल. का ते नंतर सांगतो — किंवा नाही सांगत, बघू. आमच्या विभागात एक गृहस्थ होते, त्यांचं सांगतो.

कचेरीत कुठलाही कारकून कुठल्याही घराचं पान उघडतो तेव्हा यंत्र त्याची नोंद करतं. कुणाचं कार्ड, कितव्या नंबरचं यंत्र, कुठलं घर, किती वाजता, आणि कुठल्या अर्जावरून. अर्ज क्रमांक ह्याच्यासाठी की खिडकीत कुणी अर्ज दिला म्हणून तुम्ही पान उघडलंत, की नुसतं आपलं उघडलंत, ते कळावं. त्याला लॉग म्हणायचं. पूर्वी दर महिन्याला तो सगळा लॉग छापायचे — नऊ खोकी कागद — आणि सहा जणांनी त्याच्यावर शिक्के मारायचे, तपासलं म्हणून. आमच्याकडं खालच्या माणसानं शिक्का जरा डावीकडं कललेला मारायचा असतो, वरच्या साहेबाच्या शिक्क्याला वाकून नमस्कार केल्यासारखा. सहा शिक्के ओळीनं वाकलेले, आणि नऊ खोक्यांतलं एक पान कुणी उलटलेलं नाही. तर ह्या गृहस्थांनी बावन्नाव्या वर्षी स्वतःच्या पैशांनी पुस्तक आणलं आणि डेटाबेसला प्रश्न कसे विचारायचे ते शिकले. क्वेरी म्हणतात तिला. फार अवघड नसतं ते — कारकुनाला तर मुळीच नाही, कारण अर्ज लिहिण्यासारखंच असतं. अमुक तक्त्यातून अमुक रकाने द्यावेत, अर्ज क्रमांकाचा रकाना रिकामा असेल तेवढ्याच ओळी घ्याव्यात, कार्ड आणि घर ह्यांच्या जोड्या लावाव्यात, एकाच कार्डानं एकच घर एका महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा बघितलं असेल तर वर काढावं. एवढंच. नऊ खोक्यांच्या जागी अर्धं पान. बहुतेक महिन्यांत तर कोरं पान. विभागप्रमुख नेगोरोसाननी वर्षअखेरच्या जेवणात उभं राहून त्या गृहस्थांचं कौतुक केलं होतं. कोऱ्या पानावरही सहा शिक्के मारायचे, ती पद्धत मात्र तशीच राहिली.

आता दुसरी गोष्ट. खिडकी साडेआठला उघडते म्हणजे साडेआठलाच उघडते, आठ एकतीस नाही. आणि यंत्रं जुनी, कार्ड घालून आत शिरायला चार-चार मिनिटं घ्यायची. मग जो सकाळी पहिला येईल त्यानं आपल्या कार्डावर सगळी यंत्रं उघडून ठेवायची, म्हणजे पुढच्यांचा आणि बाहेर उभ्या लोकांचा खोळंबा होणार नाही. हे नियमात बसतं का? नियमात अगदी ह्याच्यावर बंदी होती, भिंतीवर चौकटीत लावलेली होती, आणि त्या चौकटीवरची धूळसुद्धा पहिला येणारा माणूसच पुसायचा. सौजन्य हो. तुमच्या बँकेत नव्हतं असं काही? होतं ना. तर आमच्याकडं पहिली यायची ओरिहारासान. साडेसातला. सासूबरोबर नाश्ता करावा लागू नये म्हणून लवकर निघते, असं ती म्हणायची, पण आली की केटली लावायची, तिन्ही यंत्रं उघडायची, फुलदाणीतलं पाणी बदलायची. त्या गृहस्थांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. कुणाला ‘नाही’ म्हणताना तिला मी ऐकलं नाही. म्हणजे — कुणीच ऐकलं नसेल.

त्या गृहस्थांना एक मुलगी. चिनात्सु. बायको वारली तेव्हा मुलगी नववीत, मग हे दोघंच घरात. माणूस वाईट नव्हता, पण याद्या करायचा. फ्रिजवर यादी, दाराच्या आत यादी, कुणी किती वाजता अंघोळ करायची त्याची यादी. त्याला वाटायचं ह्यालाच घर सांभाळणं म्हणतात. मुलगी हिशेबनीसाच्या कॉलेजात जायची, रोज ट्रेननं, सहा स्टेशनं. आणि मग घरी यायला उशीर करायला लागली. विचारलं का? नाही हो. विचारलं तर ती काहीतरी सांगणार आणि मग ते खरं की खोटं ते ठरवत बसायचं. त्यापेक्षा — तुम्हाला माहीत असेल — स्टेशनातल्या यंत्रात प्रवासाचं कार्ड घातलं की मागचे प्रवास छापून मिळतात. कुठं चढलो, कुठं उतरलो. एका रविवारी ती अंघोळीला गेलेली असताना तिच्या पिशवीतून कार्ड काढलं, स्टेशनावर जाऊन छापून आणलं, कार्ड परत होतं तसं ठेवलं. तीन महिने हेच. कॉलेजच्या स्टेशनावर ती उतरतच नव्हती. दोन स्टेशनं आधी उतरत होती, आणि संध्याकाळी तिथूनच चढत होती. सगळे कागद एकाखाली एक चिकटवले, चुकीच्या स्टेशनांखाली पट्टी धरून लाल रेघ मारली, आणि रात्री जेवणाच्या टेबलावर तिच्या वाटीशेजारी ठेवून मी तिला म्हटलं, वाच.

हो. मी. माझ्या छातीवरची पट्टी तुम्ही मघापासून वाचताय — मुराकोशी — वाचा. गृहस्थ-बिहस्थ कुणी नव्हते.

तिनं सगळं वाचलं, शांतपणे, अगदी शेवटच्या रेघेपर्यंत. मग म्हणाली, “बाबा, विचारलं असतंत तर सांगितलं असतं.” पियानोला सूर लावायला शिकत होती ती. तिथं एक म्हातारा कारागीर होता, त्याच्याकडं उमेदवारी करत होती. कॉलेज सोडून आठ महिने झाले होते. आठ महिने मी तिच्या डब्यात भात भरत होतो तो त्या म्हाताऱ्याच्या दुकानात बसून ती खात होती. काही लाज वाटावी असं काम नव्हतं ते. मी मात्र त्या दिवशी लाज शब्द चार वेळा वापरला. पंधरा दिवसांनी मी प्रांताच्या मुख्य गावी प्रशिक्षणाला गेलो — कशाचं प्रशिक्षण म्हणाल तर नागरिकांची खासगी माहिती कशी जपावी ह्याचं, ते राहू द्या — आणि त्या दिवशी ती आमच्याच खिडकीवर आली, पत्ता बदलल्याचा अर्ज भरला आणि गेली. परत आलो तर फ्रिजवरच्या याद्या होत्या, ती नव्हती.

पत्ता मला सरळ मिळाला असता, हे लक्षात घ्या. बाप आहे, अर्ज केला की कायद्यानं मिळतो, तिनं काही बंदी घातलेली नव्हती. एक पानाचा अर्ज. पण त्या अर्जात खाली एक चौकट असते — कारण. तिथं काय लिहू? आणि अर्ज द्यायचा कुणाकडं, तर शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडं. म्हणजे विभागभर कळणार की ज्या मुराकोशीला गावातल्या एक लाख माणसांचे पत्ते ठाऊक आहेत त्याला पोटच्या मुलीचा ठाऊक नाही. तेव्हा अर्ज केला नाही. चोरी केली. काय विचित्र आहे बघा, मागितलं असतं तर उजळ माथ्यानं मिळत होतं.

पहिल्यांदा खरंच हातून गेलं. सकाळी आठ वाजता, यंत्र क्रमांक तीन, ओरिहारासानचं कार्ड आत, ती केटलीपाशी. मी दुसरंच काहीतरी शोधायला बसलो होतो आणि बोटांनी मुलीचं नाव लिहिलं. नदीपलीकडं राहत होती. एकटी. पंचवीस मिनिटांवर. मी पान बंद केलं. दुसऱ्यांदा — दुसऱ्यांदा माझं कार्ड माझ्या खिशात होतं, यंत्र क्रमांक एक रिकामं होतं, आणि मी उठून तीनवर जाऊन बसलो. हे मी कधी कुणाला बोललो नाही. जाळं मीच विणलेलं, त्याचं भोक केवढं ते मलाच माहीत. महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा बघायचं नाही. मी दोन-अडीच महिन्यांनी एकदाच बघायचो, तेसुद्धा दुसऱ्याच्या कार्डावर. तीन वर्षं. लोक अल्बम बघतात तसं. एकदा पाहिलं तर आडनाव बदललेलं, हानेदा — लग्न झालं होतं. एकदा घर बदललेलं, दोन स्टेशनं पुढं. आणि एकदा, सप्टेंबरात, पान उघडलं तर दोनाच्या जागी तीन नावं. तिसरं इबुकी. मुलगा. जन्म अकरा दिवसांपूर्वीचा. मी आजोबा झालो हे मला यंत्र क्रमांक तीननं सांगितलं.

किती वेळ बसलो होतो काय माहीत. मागून कप ठेवल्याचा आवाज आला आणि ओरिहारासान म्हणाली, “चहा ठेवलाय, मुराकोशीसान.” मी घाईनं पान बंद केलं, डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं केलं. ती फुलदाणी उचलून पाणी बदलायला गेली. पाणी तिनं त्या दिवशी आधीच बदललेलं होतं, हे मला फार नंतर आठवलं.

नाही, थांबा, घड्याळात बघू नका. घड्याळाकडं माझं लक्ष आहे.

मग पुढच्या वर्षी प्रांताकडून पत्र आलं. दुसऱ्या कुठल्यातरी गावात एक कारकून पत्ते काढून बाहेर देताना सापडला होता, म्हणून सगळ्या गावांनी आपापला लॉग तपासायचा — एक महिन्याचा नाही, सलग तीन वर्षांचा. एकच कार्ड, एकच घर, अर्ज क्रमांक नाही, तीन किंवा जास्त वेळा. नेगोरोसान पत्र घेऊन थेट माझ्याकडं आले. म्हणाले, मुराकोशीसान, हे तुमच्याशिवाय कोण करणार. खरंच होतं, दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मी अटीतला ‘महिना’ काढला, तिथं तीन वर्षांच्या तारखा घातल्या. नीट वाचून बघितलं, एक स्वल्पविराम राहिला होता तो घातला. हे का सांगतोय — कारण त्या वेळी मला काय होणार ते माहीत होतं आणि तरी मी तो स्वल्पविराम घातला. चाळीस सेकंद लागले. तीन वर्षं, पंधरा लाख ओळी, आणि वर आली एकच. ओरिहारा. यंत्र क्रमांक तीन. घर हानेदा — आडनाव, पत्ता बदलला तरी यंत्रात घराचा क्रमांक तोच राहतो. चौदा वेळा.

आणि तुम्हाला सांगू, पहिल्यांदा मनात काय आलं? की क्वेरी बरोबर चालली. अभिमान वाटला हो, अर्धा क्षण. मीही मोजलेलं नव्हतं, मला वाटत होतं नऊ-दहा वेळा असेल.

ती ओळ पुसता आली असती. किंवा उठून नेगोरोसानच्या टेबलाशी जाऊन सांगता आलं असतं, ही ओळ माझी आहे. निवृत्तीला दोन वर्षं होती. माझी जीभ काही जड नाही, तुम्ही ऐकताच आहात. मी ते पान छापलं आणि खाली ‘तयार करणार’ ह्या चौकटीत माझा शिक्का मारला. डावीकडं नीट कललेला.

मागच्या खोलीत पाच जण बसलो होतो. कागद टेबलाच्या मधोमध. नेगोरोसाननी विचारलं, हे हानेदा कोण, तुमच्या नात्यातले आहेत का? ओरिहारासाननं ती ओळ वाचली. एका ओळीला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ वाचली. मी समोरच्या कपाकडं बघत होतो, आता ती म्हणेल, अहो माझ्या कार्डावर सगळेच बसतात. म्हणाली असती तर खरं तेच होतं, आणि मग प्रत्येकाला विचारलं गेलं असतं, मलाही, आणि कदाचित — कदाचित मी बोललो असतो. असं मी स्वतःला सांगतो. ती म्हणाली, “कार्ड माझं आहे. माझा निष्काळजीपणा झाला. सगळ्यांना त्रास दिला, क्षमा असावी.” आणि उभी राहून वाकली.

आता हे तुम्हाला समजावून सांगायला नको, आपण सगळे असंच म्हणतो. पाऊस पडला तरी क्षमा मागतो. पण कागदावर तो कबुलीजबाब होतो. तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं, कार्ड तिचंच होतं. क्वेरीनंही खोटं सांगितलं नव्हतं, कार्डाचं नाव विचारलं तर कार्डाचं नाव दिलं, कुणाचे डोळे ते कुठं विचारलं होतं. ती वाकली तसे आम्हीही वाकलो, रीतच आहे. सगळ्यात खाली मी वाकलो होतो. नंतर नेगोरोसान माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुम्हाला फार लागलं ना, जुनी सहकारी. मी हो म्हटलं.

तिनं माफीपत्र लिहिलं, हातानं, तीन पानं. एप्रिलमध्ये बदली झाली, कचरा जाळण्याच्या केंद्रात, वजनकाट्यावर. तिथं सकाळी लवकर येऊन कुणासाठी काय उघडायचं? पुढच्या वर्षी तिनंच सोडलं. मी माझी दोन वर्षं पूर्ण केली, फुलांचा गुच्छ मिळाला, आणि ती क्वेरी अजून दर महिन्याला चालते, फाइलला माझं नाव आहे. कार्ड घालून उठायचं नाही, असा नियम आता खरोखर पाळतात म्हणे. बघा, सुधारणा झालीच.

इथं आलो त्याला तीन वर्षं झाली. दुसऱ्याच आठवड्यात ती दिसली, फाटकावर कार्ड टेकवताना. स्टेशनामागच्या स्वयंपाकघरात कामाला असते, जेवणाचे डबे भरायला. तिनं मला पाहिलं नव्हतं, मी टायर बघायच्या निमित्तानं खाली बसलो होतो. मग मी काय केलं असेल? तुम्ही ओळखाल. संध्याकाळी ह्या खोक्यात बसून तिच्या कार्डाचा नंबर टाकला आणि तिच्या येण्याजाण्याच्या वेळा काढल्या. सकाळी सात बारा, दुपारी चार दहा, बुधवारी सुट्टी. दोन मिनिटांत. आणि त्या हिशेबानं माझी पाळी बदलून घेतली — गुडघा दुखतो म्हणून — म्हणजे ती असेल तेव्हा मी नसेन. तुम्हाला मी नियम सांगायला बसलोय असं समजू नका. मी तुम्हाला नियम सांगत नाही. मला कसलाही नियम सांगायचं तोंड नाही.

दोन वर्षं जमलं. यंदा एप्रिलमध्ये सकाळच्या पाळीचा माणूस पडला, पाय मोडला, आणि केंद्रानं मला दिवसभर बसवलं. सात बाराला ती आली. गर्दी होती, मी टोपी खाली ओढली. तिनं कार्ड टेकवलं, सायकल आत ढकलली, माझ्या समोर आली आणि पूर्वी चहाचा कप ठेवताना थांबायची तशी थांबली. म्हणाली, “इबुकी यंदा पहिलीत ना?”

मी ते नाव आयुष्यात कुणासमोर उच्चारलेलं नाही. मुलगी भेटलेली नाही, नातू पाहिलेला नाही, शेजाऱ्यालाही ठाऊक नाही मी आजोबा आहे ते. आणि ही बाई सहा वर्षं मोजत होती. त्या मागच्या खोलीत तो कागद वाचत बसली होती ना, इतका वेळ — तेव्हा तिला माहीत होतं. ओळ माझी आहे हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. आता ‘मी मुराकोशी’ म्हणून उठतो की नाही एवढंच ती बघत होती, आणि मी कपाकडं बघत होतो.

काय म्हटलं? हो म्हटलं. ‘हो, पहिलीत.’ दप्तर कुठल्या रंगाचं घेतलं, असं तिनं विचारलं असतं तर काय सांगणार होतो देव जाणे. तिनं विचारलं नाही. मान लववून गेली.

तेव्हापासून सात महिने, बुधवार सोडून रोज, दिवसातून दोनदा. रोज सकाळी दाढी करताना वाक्य तयार करतो. ओरिहारासान, ती चौदा वेळा मीच होतो, आणि मी ते तेव्हाच सांगायला हवं होतं. लांब नाहीये वाक्य. अर्जात मावेल. आणि ती समोर आली की तोंडातून निघतं — आज उकडतंय. आज वारा आहे. गेल्या सात महिन्यांचं हवामान विचारा मला.

तर तुमच्या ह्या कागदाचं असं आहे. नंबर मी टाकू शकतो, तुम्हाला वेळाही मिळतील, आणि त्या खऱ्याही असतील. मग तुम्ही रेघा माराल. तुम्ही पट्टीनंच माराल, अक्षरावरून दिसतं. नका. कागद परत खिशात घाला. नाहीतर फाडा, तिथं पेटी आहे — जळणारा कचरा, डावीकडची. मुलगी सहा-साडेसहाला सायकल घ्यायला येईल तेव्हा फाटकाबाहेर उभे राहा आणि विचारा. ती चिडेल. चिडू दे. मी नदीपलीकडं अजून गेलेलो नाही, पत्ता पाठ असूनही. पत्ता मला कसा कळला, असं ती दारातच विचारेल ना. त्याचं उत्तर इथून सुरू होतं, ह्या फाटकापासून. आधी इथलं वाक्य म्हणायला हवं, मग तिथलं.

चार सात झाले. उठा आता. तो कॅनही न्या, गार झालाय, पण न्या, नाहीतर मला वहीत लिहावं लागेल. त्या बाजूनं जा, तिकडून. आज म्हणणार आहे मी. तुम्हाला एवढं सगळं सांगून झालंय तर तोंडाला वळण पडलं असेल, त्या भरात — हो, तीच. राखाडी कोट, डोक्याला रुमाल. जरा बाजूला व्हा. या, ओरिहारासान. दमलात? ओरिहारासान, जरा एक — अं? हो. हो, आहे खरी. कालपेक्षा जास्तच आहे थंडी. हो, उद्या आणखी पडेल म्हणतात. नाही, तसं काही नव्हतं. सावकाश जा.

तुम्ही अजून इथंच? ऐकलंत ना. मग जा आता.